मग विचारतं कशाला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी सगळे फराळ करून आडवे झालेले, आणि हा माझ्या टेबलाशी येऊन लॅपटॉपला चिकटलेला. स्क्रीनवर ब्रिटिश पबमधलं एक जुनं फ्रूट मशीन, म्हणजे नाणी टाकून खेळायचं जुगाराचं यंत्र, चालू होतं. तीन रिळं, वर आकड्यांचं एक वेगळं रीळ, बाजूला दिव्यांची शिडी, खाली रीळ आहे तिथेच धरून ठेवायची होल्डची बटणं. आकडा पडला होता २. पुढचा आकडा याहून मोठा की लहान, हाय की लो, असं यंत्र विचारत होतं आणि दोन्ही बटणं आळीपाळीने लुकलुकत होती. आकडे १ ते १२. म्हणजे दोन सोडला तर उरलेल्या अकरांपैकी दहा मोठे आणि एकच लहान. त्याने अर्थातच हाय दाबलं. रीळ गरगरलं आणि १ वर येऊन थांबलं. एक घसरता सूर वाजला, शिडीवरचे दिवे वरून खाली विझत गेले आणि जमलेले पैसे गडप झाले. मी म्हटलं, "होतं रे असं." तो काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी ३ आला तेव्हा बटण दाबण्याआधी त्याने यंत्राची स्थिती जपून ठेवली. हाय दाबलं, १ आला, हरला. जपलेल्या जागी परत गेला, लो दाबलं. ८ आला. परत मागे, परत हाय. या खेपेला २.

"अगं मावशी, हे बघ. दोन्हीकडून हरवतंय!" मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "हरवायचं आधीच ठरलंय, तर मग विचारतं कशाला?"

मी त्याला तांत्रिक उत्तर दिलं. प्रोग्राम आधी निकाल ठरवतो, मग तुझं बटण बघतो आणि त्याला साजेसा आकडा रिळावर आणून ठेवतो. त्याचं तेवढ्याने भागलं, तो चकली घ्यायला आत गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना, कारण मी त्याला 'कसं' ते सांगितलं होतं आणि त्याने विचारलं होतं 'कशाला'.

हा माझा छंद कसला, हे घरात कुणालाच धड कळलेलं नाही. नवऱ्याच्या मते मी लॅपटॉपवर पत्ते खेळते. तसं ते नाही. खऱ्या यंत्राच्या पाटीवर प्रोग्राम साठवणाऱ्या ईप्रॉमच्या चिप असतात, त्यातला मूळ प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतात. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्या प्रोग्रामची अशी समजूत करून देतो की बाबा, तू अजून तुझ्या लाकडी पेटीतच आहेस. मोटोरोलाचा ६८०९ प्रोसेसर आहे, मोटारी आहेत, शंभराच्या वर दिवे आहेत, नाणी घेणारी खाच आहे, सगळं आहे. प्रोग्राम बिचारा विश्वास ठेवतो. पहिल्यांदा चालू केलं की हमखास कुरकुरतो: दार उघडं आहे, पैशांच्या नळीत पैसे नाहीत, रीळ सापडत नाही. मग आपण नसलेलं दार बंद करायचं, नसलेली किल्ली फिरवायची, नसलेली नाणी भरायची. एकदा त्याची खात्री पटली की तो गायला लागतो. एमएफएमई नावाचा विंडोजवरचा इम्युलेटर खास याच यंत्रांसाठी लिहिलेला आहे. मेम या जुन्या व्हिडिओ गेमांच्या इम्युलेटरमध्येही ती ढिगाने आहेत, पण तिथे बऱ्याचदा नुसते दिव्यांचे चौकोन दिसतात, आणि चित्राशिवाय या यंत्रात काही राम नाही. यंत्राच्या दर्शनी काचेवरची रंगवलेली जाहिरातबाजी हा त्याचा अर्धा जीव. म्हणून हौशी माणसं खऱ्या काचेचे फोटो काढतात, स्कॅन करतात, त्यावर एकेक दिवा नेमक्या जागी बसवतात, विझलेला कसा दिसेल आणि पेटलेला कसा, हे वेगवेगळं रंगवतात. रिळाच्या पट्ट्या सोडवून सरळ करतात. एका यंत्राला आठवडेच्या आठवडे जातात, आणि हे सगळं कशासाठी, तर एखाद्या बंद पडलेल्या पबच्या कोपऱ्यातलं मशीन घरी बसून फुकट खेळता यावं म्हणून. मला हा वेडेपणा अतिशय आवडतो.

फ्रूट मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते नुसत्या अक्षरांत, आणि तेही पुण्यात. १९८४-८५च्या सुमारास सरकारच्या 'क्लास' योजनेत काही शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले, त्यातली एक आमची शाळा. चपला बाहेर काढून, रांगेने, एका कॉम्प्युटरला चौघी. विज्ञानाच्या बाईंच्या कपाटात कुठून तरी आलेलं एक इंग्रजी मासिक होतं, त्यात बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्राम छापलेले असत. त्यातला एक 'फ्रूट मशीन' होता. चेरी, प्लम, बेल, बार असे शब्द होते. हे यंत्र फळांचा रस काढतं की काय, अशी माझी प्रामाणिक समजूत. एकीने वाचायचं, दुसरीने टाइप करायचं. चालवल्यावर तीन शब्द शेजारी उमटायचे, तिन्ही सारखे आले की नाणी वाढायची. आरएनडी म्हटलं की कॉम्प्युटर एक आकडा काढून द्यायचा, त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कोण किती हरलंय, कोण किती वेळ बसलंय, त्याच्या गावीही नाही. पूर्ण प्रामाणिक खेळ, आणि दहा मिनिटांत आम्ही चौघी कंटाळलो. बारचं चित्र एका गमच्या कंपनीच्या चिन्हावरून आलं, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही यंत्रं जुगाराचा कायदा चुकवायला पैशांऐवजी फळांच्या चवीचं गम द्यायची, आणि चेरी-प्लम त्या चवींची आठवण, हे मला फार नंतर कळलं.

दुसरी गाठ इंजिनिअरिंगला पडली, तीही न ओळखता. ८०८५ या प्रोसेसरचं किट ज्यांनी हाताळलंय त्यांना सांगायला नको: सोळा आकड्यांचा तो कीपॅड, लाल अक्षरं, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं ते ठरलेलं 'स्टेपर मोटर इंटरफेसिंग'. ८२५५ या चिपमधून चार तारांना ठरावीक क्रमाने वीज द्यायची, की मोटर एक पाऊल सरकते. आमच्या लॅबमधली मोटर २०० पावलांत एक फेरी पुरी करायची. मी तेव्हा विचारायचे, एवढं हळू आणि एवढं अचूक फिरवून कुणाला काय करायचंय? तर याचसाठी. ऐंशीच्या दशकापासून ब्रिटिश फ्रूट मशीनमधली रिळं याच मोटारींवर फिरतात. पुष्कळ यंत्रांत फेरीला ४८ पावलं. रिळाच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते प्रकाशाच्या फटीतून गेलं की प्रोसेसरला कळतं, रीळ कुठे आहे. नंतर सगळं मोजून. म्हणजे रीळ 'थांबत' नाही, थांबवलं जातं. गरगर हा निव्वळ देखावा. भाच्याच्या डोळ्यांसमोर ३वरून १ आला, तो कुठल्या योगायोगाने आला नव्हता, पावलं मोजून आणला होता. आपल्याकडच्या लॅबमध्ये जे शिकून पास झालो, त्याच्यावर एका देशाचे पब चालत होते.

१९९९मध्ये नोकरीसाठी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला गेले. याच गावात बेल-फ्रूट ही यंत्रं बनवणारी मोठी कंपनी होती. तिकडे कार्डिफला जेपीएम, वुल्व्हरहॅम्प्टनला मेगे, मँचेस्टरजवळ बारक्रेस्ट. म्हणजे या यंत्रांचा सगळा धंदा कारखान्यांच्या गावांतला. आमचं ऑफिस गावाबाहेर, दर शुक्रवारी दुपारी सगळे मिळून पबमध्ये जेवायला जायचे. मी संत्र्याचा रस घेऊन कडेला बसायची. कोपऱ्यात, बायकांच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशीच ते मशीन. त्यावर कुणाचा तरी बिअरचा पिंट ठेवलेला, लाकडावर ग्लासांची गोल गोल ओली वर्तुळं, पायाखाली चिकट गालिचा, आणि २००७पर्यंत सगळ्यावर सिगारेटच्या धुराचा थर. मधूनच यंत्र आपणहून एक धून वाजवायचं. कोणी खेळत नसलं तर गिऱ्हाईक बोलवायला.

आमच्या स्टोअरमधले एक गृहस्थ तिथे खेळायचे. साठीला टेकलेले, हाताला ग्रीसचा वास, नॉटिंगहॅमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांना 'डक' म्हणणारे. जेवणाचे उरलेले सुटे पैसे घेऊन उभे राहायचे, बसून कधीच खेळले नाहीत. त्यांची हाय-लोची पद्धत मी पुष्कळदा पाहिली. बटण दाबायच्या आधी तळहात पँटला पुसायचे. हरले की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "लो दाबायला हवं होतं, डक." लो दाबून हरले असतील तर हाय दाबायला हवं होतं. यंत्राला शिव्या त्यांनी कधी दिल्या नाहीत. चूक नेहमी त्यांची. एखाद्या शुक्रवारी ते पाच पौंडांचे सुटे करायला काउंटरवर जायचे, मग दहांचे, आणि आमच्यातलं कुणीतरी मुद्दाम कामाचा विषय काढून त्यांना बाहेर न्यायचं.

त्या पबमध्ये आणखी एक जमात होती. अर्धा पिंट घेऊन तासभर बसणारे, वर्तमानपत्राआडून मशीनकडे बघणारे. कुणी पंचवीस-तीस पौंड घालून कंटाळून निघालं की हे उठायचे आणि जाऊन उभे राहायचे. आम्ही कॉलेजात संभाव्यता शिकलेले लोक, मनातल्या मनात हसायचो. नाण्याला मागचं काही आठवत नाही, पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काट्याची शक्यता वाढत नाही, हे पाठ होतं. पुढे या यंत्रांच्या पोटात डोकावल्यावर कळलं की हसणं चुकीच्या माणसांना होतं. नाण्याला आठवत नसेल, या यंत्राला आठवतं. पाटीवर बॅटरीवर चालणारी मेमरी असते. किती पैसे आत आले, किती बाहेर गेले, त्याचा हिशेब रात्री वीज गेली तरी पुसला जात नाही. आणि एक छोटासा प्लग असतो, त्याला परसेंटेज की म्हणतात. तो ७८चा लावला की शंभर पौंड आत गेल्यावर अठ्ठ्याहत्तर बाहेर यायला हवेत, असं यंत्र धरून चालतं. फार दिलं गेलं असेल तर आखडतं, फार खाल्लं असेल तर सैल सोडतं. तिकडे याला कंपेन्सेटेड यंत्र म्हणतात. वर्तमानपत्राआडचे ते लोक अंधश्रद्ध नव्हते, उलट त्या खोलीत यंत्राचा स्वभाव ओळखणारे तेवढेच होते. स्टोअरवाल्या गृहस्थांनी भरायचं आणि त्यांनी काढायचं, असा तो सरळ व्यवहार. ही गोष्ट मला अजून टोचते. हाय-लो जिंकण्याची वेळ कधी आलीच, तर ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या पैशांवर यायची.

आई इंग्लंडला आली तेव्हा तिला स्केग्नेसला नेलं होतं. नॉटिंगहॅमकरांचा समुद्र म्हणजे स्केग्नेस. नऊवारी नाही, पाचवारीच, पण त्यावर स्वेटर, खाली स्पोर्ट्‌स शूज, डोक्याला स्कार्फ. वारा असा की बोलणं ऐकू येईना, म्हणून एका आर्केडमध्ये, म्हणजे अशा यंत्रांनी भरलेल्या दालनात, शिरलो. आत ऊब, व्हिनेगर घातलेल्या चिप्सचा वास आणि एकाच वेळी वाजणाऱ्या पन्नास धुना. लहान मुलं फ्रूट मशीनवर खेळत होती आणि आया शेजारी उभ्या होत्या. ब्रिटिश कायद्यात हे बसायचं. अगदी छोट्या रकमेच्या यंत्रांना लहान मुलांची मुभा, पुढच्या कायद्यात १० पेनींचा डाव आणि ५ पौंडांचं बक्षीस अशी त्याची मर्यादा आली. आई आयुष्यात पत्त्यांना पैसे लावून न बसलेली. तिला वाटलं, मुलं खेळतायत म्हणजे खेळच असणार. मी तिला नाणी दिली आणि होल्ड कसं करायचं, नज म्हणजे रीळ एक घर खाली कसं ओढायचं, ते दाखवलं. तिला नज फार आवडला. "हे बरंय की, थोडक्यात चुकलं तर हाताने सरकवायचं!" थोड्या वेळाने खाली ताटलीत खणखण नाणी पडली. तिने ती मोजली नाहीत, रुमालात बांधली, गाठ मारली आणि म्हणाली, "बास. चला आता." मी म्हटलं, अगं अजून खेळ की. तर म्हणाली, "आमच्या गावच्या जत्रेत रिंगवाला असायचा. पहिला साबण तो आपणहून द्यायचा, दुसरा कधीच कुणाला मिळाला नाही." तिच्या रिंगवाल्याचा ठोकळा रिंगेपेक्षा केसभर रुंद असायचा, हेही तिला ठाऊक होतं. तो मात्र रिंग कुठे टाकणार असं विचारत नसे. टाका म्हणायचा.

भाच्याला लागला तो शोध काही नवा नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटनमधल्या काही खेळणाऱ्यांनी इम्युलेटरवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. स्थिती जपायची, हाय दाबायचं, मागे जायचं, लो दाबायचं. एक ना दोन, अनेक यंत्रांवर दोन्हीकडून हार. त्यावरून 'फेअरप्ले' नावाची मोहीम झाली. पबमध्ये उभं राहून हे कुणाला सिद्ध करता आलं नसतं, कारण खऱ्या यंत्रावर तोच क्षण दुसऱ्यांदा हाती लागत नाही. तुम्ही हाय दाबलंत, हरलात, लो दाबलं असतं तर काय झालं असतं हे कुणी सांगायचं? यंत्राच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार हाच होता, की दुसरी वाट कायमची बंद. छंदिष्ट लोकांनी जुन्या यंत्रांच्या प्रेमापोटी इम्युलेटर लिहिले आणि त्यांच्याच हातून त्या यंत्रांचं बिंग फुटलं. धंदेवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही एकूण टक्क्यांची हमी देतो, एकेका डावाची नाही, आणि हाय-लो हा टक्के परत करण्याचा एक रंगीत मार्ग आहे. कायद्याने त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी यंत्रांवर एक ओळ छापली जाऊ लागली. हे यंत्र कंपेन्सेटेड आहे, मागच्या खेळाचा त्यावर परिणाम होऊ शकतो, आणि कधीकधी ते असा पर्याय पुढे ठेवतं ज्यात खेळणाऱ्याला जिंकण्याची काहीच संधी नसते. अशी कबुली देणारं दुसरं कुठलं यंत्र मी पाहिलेलं नाही. ओळ असते मात्र काचेच्या तळाशी, बारीक टायपात, जिथे पिंट धरलेला हात येतो.

मग विचारतं कशाला?

मला वाटतं, हार ज्याची त्याच्या पदरात घालायला. यंत्राने नुसते पैसे गिळले असते तर त्या स्टोअरवाल्यांनी यंत्राला लाथ घातली असती आणि घरी गेले असते. पण त्याने विचारलं. त्यांनी विचार केला, तळहात पुसला, बोट ठेवलं. आता चूक त्यांची. आणि ज्याची चूक असते त्याला ती सुधारायची असते, त्यासाठी आणखी एक पौंड लागतो. आपण ठरवलं, ही भावना यंत्र फुकट देत नाही, त्याचेच पैसे घेतं. माझ्या मते हा या यंत्रांतला सगळ्यात हुशार कोड आहे आणि सगळ्यात नीचही. तो कुणा खलपुरुषाने लिहिलेला नाही, हे मला चांगलं माहीत आहे. माझ्यासारख्याच कुणीतरी, दुपारी डबा खाऊन, प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत चार ओळी लिहिल्या असतील: निकाल तपास, बटण वाच, आकडा निवड, रीळ हलव. चाचणी करून सही केली असेल. रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण दाबतो ना आपण, त्यातली काही बटणं गर्दीच्या वेळी दाबली न दाबली सारखीच, दिवा त्याच्या ठरल्या वेळेनेच बदलतो. तरी माणसं दाबतात आणि शांत उभी राहतात. तिथे त्या बटणाने कुणाचं वाईट होत नाही, म्हणून आपण काही म्हणत नाही. दोन्हीच्या मागचं माणसाबद्दलचं ज्ञान मात्र एकच.

हे सगळं कळूनही मी खेळते. त्याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. पैसे नसले की हा खेळ पाण्यासारखा व्हायला हवा, आणि पहिल्या काही दिवसांत झालाही. कळ दाबली की पौंड आत, हवे तेवढे. काही मजा येईना. मग मी नियम केला: पाच पौंड घेऊन बसायचं, संपले की लॅपटॉप बंद. कुणी बघत नाही, तरी पाळते. लगेच शिडीवरचे दिवे चढायला लागले की छातीत काहीतरी चढतं. इम्युलेटरमध्ये नाण्याचं वजन नाही, ताटलीतला खणखणाट स्पीकरमधून येतो तो कुणाच्या तरी मोबाइलवर वाजल्यासारखा. धूर नाही, गालिचा नाही. खरं जुनं यंत्र घरात आणावं म्हटलं तर त्याच्या वेगळ्या कटकटी. पाटीवरची बॅटरी गळून तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या असतात. १९९२मध्ये १० पेनीचं नाणं लहान झालं, २०१७मध्ये गोल पौंड जाऊन बारा कडांचा आला, त्यामुळे यंत्र सुस्थितीत असलं तरी त्याला चालणारी बरीच नाणी बाजारात नाहीत. काही यंत्रं तर मोठं बक्षीस रोख न देता टोकन देणारी, ती टोकनं आता जुन्या बाजारात मिळतात. उरतो तो प्रोग्राम. आणि गंमत अशी की प्रोग्राम सगळ्यात नीट टिकला, म्हणजे नेमका तो भाग टिकला ज्याला लाज वाटायला हवी होती. काचेवरची ती हसरी चित्रं हौशी लोकांनी मनापासून जपली, आणि त्यांच्या आडून काय चालायचं तेही जपलं गेलं.

स्टोअरवाले गृहस्थ निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले, पुढे संपर्क राहिला नाही. मी कधीकधी विचार करते, त्यांना हे कळलं असेल का. कळलं असतं तर बरं वाटलं असतं की वाईट? इतक्या शुक्रवारी मांडीवर थाप मारली, त्यातल्या बऱ्याच वेळी त्यांची काही चूक नव्हती, हे कळून माणूस हलका होईल की आणखी चिडेल? मला वाटतं, ते म्हणाले असते, "ठाऊक होतं, डक." खरं असो नसो, म्हणाले असते तेच.

भाचा सुट्टी संपून गेला, पण त्याने विषय सोडला नाही. प्रोग्रामची मेमरी बघण्याची सोय त्याने शोधून काढली होती. निकाल ठरवणारी जागा कुठे आहे ती हुडकून त्याने तिथे जबरदस्तीने जिंकण्याचा आकडा भरून ठेवला, आणि हाय-लो दर वेळी जिंकायला लागला. थोडा वेळच. मग रिळं आटली. तीन सारखं काही येईना, नज मिळेना, हाय-लोपर्यंत पोचणंच बंद झालं. एका वाटेने ओरबाडलं तर यंत्राने दुसऱ्या वाटा लिंपल्या. मला फोन करून म्हणाला, "मावशी, हे वसूल करतंय गं!" आवाजात राग कमी, कौतुक जास्त. मग म्हणाला, मी आता माझं स्वतःचं लिहितो, खरंखुरं, चीटिंग नसलेलं. पायथॉनमध्ये. मला बरं वाटलं.

परवा त्याने ते पाठवलं. चित्रं त्याने छान काढली आहेत, चेरीच्या जागी आंबे, बारच्या जागी वडापाव. हाय-लोही आहे. पहिली आवृत्ती सरळ रँडमवर होती, ती त्याच्या मित्रांनी दोन-चार डाव खेळून सोडून दिली. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत त्याने थोडे बदल केले. सलग हरला तर मधूनच एक सोपा डाव द्यायचा. मोठं बक्षीस जवळ आलं की रीळ एक घर आधी थांबवायचं, कारण तसं केलं की सगळे "अरे, अरे!" ओरडतात. आत-बाहेरचा हिशेब ठेवायला दोन व्हेरिएबल घेतली आहेत. मी विचारलं, "अरे, हे काय?" तर म्हणतो, "अगं, सरळ ठेवलं तर कुणी खेळतच नाही." मग एकदम धंद्याच्या आवाजात: "बरं, टक्के किती ठेवू? ७८ की ८०?"

मी म्हटलं, ८५ ठेव.

"एवढे?" तो म्हणाला.